लाखेचे सहा ठिपके

"किती वेळा उघडलास?" पाध्येबाईंनी विचारलं.

देवदत्त गेली वीस मिनिटं एकटाच बोलत होता. कॅमेऱ्याची केबल बदलली, वीजपुरवठा तपासला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, झाकणाखालची रबराची कडी नवी बसवली. एवढं सगळं ऐकून घेऊन बाईंनी विचारलं ते हे.

"पाच वेळा."

"कशासाठी?"

"आत कोरडं झालं का, ते बघायला."

"झालं होतं?"

"पाचही वेळा. अगदी ठणठणीत कोरडं."

"आणि बंद केल्यावर?"

"पुन्हा बर्फ..."



देवदत्त नाटेकर म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. पुण्यातले हौशी आकाशनिरीक्षक आपले रुसलेले कॅमेरे त्याच्याकडे आणत आणि तो ते खोलून, पुसून, वर दोन शब्द सुनावून परत करी. आता ऐन वेळी त्याचा स्वतःचाच रुसला होता. एका धूमकेतूसाठी तो गुहागरला महिनाभर मुक्काम ठोकून होता. रोज संध्याकाळी एक फोटो, अशा सलग चाळीस संध्याकाळी. धूमकेतूची शेपटी दिवसागणिक कशी वळत जाते, त्याची अखंड मालिका. एकतीस फोटो झाले होते, त्यातला कालचा कसाबसा. बत्तिसावा आज काढायचा होता. मालिका अखंड असणार, हे त्याने भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. 

पाध्येबाई त्याच्या गुहागरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. वय पंच्याहत्तर. आजूबाजूच्या शाळांचे सूक्ष्मदर्शक अजून त्यांच्याच पडवीत दुरुस्तीला येत. त्यांच्याकडे जावं, हे सुचायला देवदत्तला दोन दिवस लागले. सुचलं लगेच होतं म्हणा, पटायला दोन दिवस लागले.

"दाखव बघू," बाई म्हणाल्या.

त्याने अंगणात सावलीला दुर्बीण उभी केली. तिच्या तोंडावर धुवट पांढरं कापड ताणून बांधलं आणि मागे कॅमेरा लावला. कापडाचा फोटो सगळीकडे सारखा राखाडी यायला हवा. डाग दिसला तर तो कॅमेऱ्याचा. मग त्याने कॅमेरा शून्याखाली दहा अंशांपर्यंत थंड केला. थंड केल्याशिवाय सोय नव्हती, कारण गरम कॅमेऱ्याच्या फोटोत रवाळ दाणे उठतात आणि शेपटीसारखी अंधूक गोष्ट त्यात बुडून जाते.

पाच मिनिटं लॅपटॉपचा पडदा स्वच्छ राहिला. नवव्या मिनिटाला मधोमध एक काळपट डाग उमटला. बाराव्या मिनिटाला त्याला फांद्या फुटल्या, फांद्यांना पानं.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्याला नाक लागेल इतक्या वाकल्या.

"किती सुंदर आहे रे."

"बाई, ते बर्फ आहे."

"हो, पण बघ तरी. आधी मधे धरतं, मग कडेला. असं का असेल?"

देवदत्तने दोन दिवस हा डाग पाहिला होता, पण शिव्या घालत. असं का, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण घड्याळात तीन वाजत आले होते.

"कडी नवी आहे, बाई. ओल शोषणारे मणीही भाजूनच घातलेत. मग ओल येते कुठून?"

"मणी काढ."

काढले. सकाळी निळे घातलेले मणी गुलाबी झाले होते. पोटभर पाणी पिऊन बसले होते.

बाईंनी एक जुना तवा चुलीवर ठेवला. या तव्यावर पोळी कधी पडत नसे, तो मण्यांसाठीच होता. मंद आचेवर मणी पसरून त्या उलथन्याने हलवत राहिल्या. गुलाबीचं जांभळट झालं, जांभळटाचं निळं. देवदत्तने हे स्वतः कितीदा केलं होतं, तरी तो शेजारी उभा राहून बघत राहिला.

मणी घट्ट बुचाच्या बाटलीत गार झाले. बाईंनी ते भरभर कॅमेऱ्यात भरले, झाकण बसवलं, सहा स्क्रू आवळले. मग कपाटातून लाल लाखेची कुपी काढली आणि काडीने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक ठिपका दिला. जुन्या कारागिरांची ही रीत आहे. मागाहून कुणी स्क्रू फिरवला, तर ठिपका फुटतो आणि कळतं.

"हे कशाला, बाई?"

"तुझा हात माझ्या ओळखीचा आहे."

"मग आता किती वेळ?"

"उद्या दुपारी ये."

"उद्या?... बाई, आज बत्तिसावी संध्याकाळ आहे."

"हो."

"मालिका तुटेल."

"तुटेल."

"निदान सहा वाजता एकदा उघडून पाहू. नाहीतर आत कोरडं झालं की नाही, ते कळणार कसं?"

बाई कुपीला बूच लावत होत्या. बूच लागलं, तशी त्यांनी कुपी कपाटात ठेवली.

देवदत्तला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग रडू. कॅमेरा त्याचा होता. स्क्रू काढायचं हत्यार त्याच्या खिशात होतं. कॅमेरा हातात धरून तो पडवीच्या पायरीपर्यंत गेला. तिथे बराच वेळ उभा राहिला.

मग परत आला आणि स्वतःच्या हाताने कॅमेरा बाईंच्या कपाटात ठेवला.

संध्याकाळी तो रिकाम्या हातांनी अंगणात बसला. बाई काठी टेकत बाहेर आल्या. दिवाळी होऊन गेली होती, तरी समुद्रावरून येणारी हवा ओलसर होती, उघडं दिसेल त्यात शिरत होती.

"कुठे आहे रे तुझा धूमकेतू?"

त्याने मान वर केली... इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रोज तो दुर्बिणीला धूमकेतूच्या जागेचे आकडे द्यायचा आणि दुर्बीण आपली आपण वळायची. एकतीस संध्याकाळी त्याने धूमकेतू पाहिला होता तो पडद्यावर.

बाईंनी काठी उचलली. "तो माडाचा शेंडा बघ. त्याच्या डावीकडे, वीतभर वर."

तिथे एक पुसट धुरकट रेघ होती. तिला वळण होतं. धूमकेतू पाण्यात उतरेपर्यंत देवदत्त जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच कापड, तीच सावली. पाच मिनिटं झाली. नऊ झाली. बारा...  अर्धा तास झाला, तास झाला. पडदा इस्त्री केल्यासारखा सपाट राखाडी होता.

आनंदाने त्याला काय करावं सुचेना. तो बाईंच्या पायाशी वाकला, उठला, पुन्हा पडद्याकडे गेला. तेहतिसावा फोटो आज मिळणार होता. बत्तिसावा नव्हता, तो आता कधीच मिळणार नव्हता. तेही त्याला लागलं.

त्याने कॅमेरा हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. त्याचं बोट नकळत पहिल्या लाल ठिपक्यावर गेलं आणि तिथे घुटमळलं.

"बाई... कडी तीच, मणी तेच. भाजले तसेच, जसे मी भाजतो. मग आत झालं तरी काय?"

बाईंनी शेजारच्या शाळेतून आलेला सूक्ष्मदर्शक पुढे ओढला.

"मला काय ठाऊक? मी कुठे उघडून पाहिलंय."