ठरावातली एक ओळ

शाळेला दिलेली दुर्बिणीची खोली परत घेऊन तिथे जेटीवरचा बर्फ ठेवायचा, असा ठराव मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष धर्माजी नाखवा यांनी मांडला. शाळेतल्या चित्राबाईंनी सहा वर्षं जपलेला मुलांचा अवकाशवर्ग आता एका सहीने बंद होणार होता.

"बाई, आभाळात यंत्रं सोडून कोळ्याच्या ताटात काय पडलं? नुसती थेरं!" नाखवा गरजले. सभा हसली. नाखवांनी पेनाचं टोपण काढलं.

बाई उठल्या. "मला ठराव मान्य आहे. फक्त एक ओळ वाढवा. सही करणाऱ्याने आपल्या बोटीवरचं जीपीएस आजच उतरवावं. ते आभाळातल्या त्या यंत्रांवरच चालतं."

हशा थांबला. नाखवांची बोट पहाटे निघायची होती. पाण्याखालच्या ज्या खडकांपाशी त्यांना महागडा घोळ मासा सापडायचा, त्या जागा त्यांनी गावापासून लपवून त्या जीपीएसमध्येच नोंदल्या होत्या. तरी ते हटले नाहीत.

"उतरवतो! आमचा बा तारे बघून घोळ आणायचा."

त्यांची बोट चालवणारा तांडेल हिराजी मागून उठला. "मग उद्या सुकाणू तुम्हीच धरा, नाखवा. मला तारे ओळखता येत नाहीत."

"मी शिकवीन की," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण कुठे शिकवू? खोलीत तर तुम्ही बर्फ भरताय."

सगळे नाखवांच्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"बर्फ," ते पुटपुटले, "जेटीवरच राहू दे."