कोंडिबाची तिसरी थाप

एका गावच्या बँडमध्ये कोंडिबा नावाचा एक भोळा ढोलवाला होता. बारा वर्षं ढोल बडवून त्याचे हात दगडासारखे झाले होते. डोक्याचं तसं नव्हतं. ते जन्मापासूनच दगडाचं होतं.

त्या वर्षी बँडमध्ये लॅपटॉपला जोडून वाजणारा पियानो आला. वाजवणारा दुसऱ्या बँडमध्ये पळाला, म्हणून बँडच्या केरबामास्तरांनी कोंडिबाला त्याच्या खुर्चीत बसवलं. बायको शेवंता हरखली. तीन दिवसांनी तिच्या भावाची, भानुदासची वरात होती.

"अख्खं माहेर बघणार," ती म्हणाली. "ही खुर्ची घालवलीत, तर माझ्याशी गाठ आहे."

पहिल्या दिवशी कोंडिबानं अंगाई वाजवली. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली.

"कोंडिबाशेठ, हा ढोल नाही," मास्तर म्हणाले. "याला हाताचा जोर कळतो. हळू दाबलं की हळू वाजतं, जोरात दाबलं की जोरात. कळलं?"

"कळलं."

संध्याकाळी मास्तरांनी त्याला वरातीची वेळ विचारायला भानुदासच्या घरी पाठवलं. "बेल हळू वाजव रे. घरात तान्हं बाळ आहे."

कोंडिबानं बेल हळू दाबली. ती ठणाणली. आपला हात अजून जड पडतोय, असं त्याला वाटलं. मग त्यानं करंगळीनं दाबली. मग श्वास रोखून नाकाच्या शेंड्यानं दाबली. अकराव्या बेलला बाळ, आजी आणि गल्लीतला कुत्रा तिघंही एका सुरात रडत होती.

"अरे महापंडिता," मास्तर म्हणाले, "बेलला तुझ्या हाताचं काय? कशीही दाब, ती तेवढीच वाजणार. तिच्यावर कापड गुंडाळायचं!"

"आधी सांगायचं की, मास्तर."

दुसऱ्या दिवशी पियानो पुन्हा दणाणला. कोंडिबा धावत घरी गेला आणि शेवंताची गोधडी घेऊन आला. लॅपटॉप त्यानं बाळासारखा गुंडाळला. अर्ध्या तासात लॅपटॉप तापून बंद पडला.

"बघा," कोंडिबा म्हणाला, "एकदम शांत."

मास्तरांनी लॅपटॉप पंख्यापुढे धरून शुद्धीवर आणला.

"कापड नाही रे! इथं पडद्यावर टच म्हणून जागा आहे. आधी याला तुझा हात ओळखू दे. एकदा अगदी हळू दाब. एकदा नेहमीसारखं. एकदा अंगात आहे तेवढ्या जोरानं. मग पडद्यावरची ही पट्टी हलक्याकडून जडकडे सरकवू. म्हणजे तुझा धोंडाही त्याला बोट वाटेल."

कोंडिबानं तसं केलं आणि पियानो खरंच गोड वाजला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढंच लक्षात ठेव. नवीन काही हाताखाली आलं, की आधी त्याला हात ओळखू द्यायचा. तीनदा."

"तीनदा," कोंडिबा म्हणाला.

वरातीच्या दिवशी कोंडिबा टेंपोवर खुर्चीत ताठ बसला होता. पुढे घोडीवर भानुदास. शेवंता माहेरच्या बायकांना सांगत होती, "ते बघा, आमचे!"

मांडव पन्नास पावलांवर आला आणि घोडी अडली. घोडीवाला चहा प्यायला गेला होता.

"कोंडिबा, खाली उतर!" मास्तर ओरडले. "घोडीला जरा थोपट. मुहूर्त टळतोय!"

कोंडिबानं जन्मात घोडीला हात लावला नव्हता. म्हणजे नवीनच की. त्यानं आधी अगदी हळू थोपटलं. घोडीनं कान हलवला. मग नेहमीसारखं थोपटलं. घोडी चालू लागली.

"बास, बास!" मास्तर म्हणाले.

"एक राहिलीय, मास्तर."

आणि बारा वर्षांचा ढोल हातात आणून कोंडिबानं तिसरी थाप दिली.

घोडी मांडवात पुढून शिरली आणि मागून बाहेर पडली. नवरीनं हार उचलला तेव्हा समोर नवरा होता. हार गळ्यात पडला तेव्हा भटजी होते. भानुदासचा फेटा तेवढा लग्नाला थांबला.

मास्तर डोक्याला हात लावून खाली बसले. कोंडिबानं धुरळ्याकडे बघून मान हलवली.

"हिचा टच फारच हलका ठेवलाय, मास्तर. परत आली की पट्टी जडकडे सरकवून घ्या. तोवर मी बसतो खुर्चीवर."

तो वळला. खुर्ची शेवंतानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली होती. ती हळूपासून सुरुवात करेल, असं काही दिसत नव्हतं.