खापरावरची गोष्ट

प्राणी झाडांच्या पानांवर गोष्टी लिहीत, त्या काळी रानातून दरवर्षी दिवाळी अंक निघे. संपादक होती भागाबाई शेळी. पानांवरच्या गोष्टी शेळीच्या हवाली करताना कुणाला काही वावगं वाटलं नाही.

चिंगी खार दरवर्षी एका चोरीची गोष्ट पाठवी. दरवर्षी चिठ्ठी येई, "भाषा ओघवती आहे, शेवट मात्र लांबला. साभार परत." परत मात्र काहीच येत नसे. बिचारी शेवट छाटत गेली. पाच पानांची गोष्ट एका पानावर आली, तरी शेवट लांबलेलाच! वैतागून तिने एकदा पळसाचं कोरं पान पाठवलं. उत्तर आलं, "भाषा ओघवती आहे, शेवट मात्र लांबला."

"अस्सं होय!" चिंगी म्हणाली. पुढची गोष्ट तिने खापरावर लिहिली आणि स्वतः नेऊन दिली.

भागाबाईंनी सवयीने तोंड घातलं. कडकन दात वाजला. मग नाइलाजाने चष्मा लावून त्यांनी गोष्ट वाचली.

"चोर मुंगूस आहे, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलंस," त्या फणकारल्या. "पुढे कशाला वाचायचं? आणि घर लुटलं गेलं, तरी तुझी खार रडत कशी नाही? साभार परत!"

चिंगीची शेपटी रागाने फुलली. खापर काखोटीला मारून ती तरातरा निघाली.

वाटेत मैना भेटली. "यंदाही परत का गं?"

"हो, यंदा खरंच परत आलं!" चिंगी म्हणाली. "तुला कुठे दुसरं खापर दिसलं का?"