टवक्याचा दगड

सांगायचं नव्हतं मला. मठाच्या स्मरणिकेत सगळं छापून आलंय, रंगीत फोटोंसकट, तेच वाचा की. पण महाराजांच्या सिद्धीने सगळं झालं हे त्यातलं खोटं आहे असं एकदा तोंडातून गेलं आणि तुम्ही हात धुऊन मागे लागलात. चहा पाजलात तोही बिनसाखरेचा. असो. यात सायबू नावाचा पाथरवट येतो तो मीच. पण गोष्ट त्याची नाही, म्हणून त्याला लांबूनच दाखवतो.

"महाराज, आपली दीपमाळ आता वेडीच्या नादाने उभी करायची का?"

भवानगिरीने विचारलं. संतोकगिरी महाराज ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण वेडी?"

"द्वारकी. ठकूबाईची पोरगी."

"पोरगी कसली, तिशी उलटली तिची. काय म्हणते?"

"काही म्हणतच नाही, महाराज. सायबूने मांडलेले दगड उचलते आणि दुसरीकडे नेऊन ठेवते."

"बसतात का ते तिथे?"

भवानगिरी सांडलेली टरफलं गोळा करायला लागला.

बसत होते. तीच त्याची पंचाईत होती.

भर श्रावणात मठातला जुना उंबर दीपमाळेवर कोसळला. अंगणात दगडांचा ढीग झाला. आमच्या पाथरवट लोकांनी पूर्वी ती दीपमाळ चुन्याशिवाय रचलेली, एकेक दगड शेजाऱ्याला घासून बसवलेला. एकाची जागा चुकली की वरचा सगळा थर डुगडुगणार. सायबूने दसऱ्यापर्यंत डोकं फोडून घेतलं. सगळे दगड काळे, सगळे सारखे.

आणि एका सकाळी द्वारका आली. कुणाकडे न बघता. सायबूच्या हाताखालचा दगड तिने ओढला, छातीशी धरून नेला, आणि दुसऱ्या एका दगडाला भिडवला. सायबूने फटीत नख घालून बघितलं. नख शिरेना.

ठकूबाईचं घर मठाला लागून. द्वारका लहानपणापासून उंबऱ्यात बसून त्या दीपमाळेकडे बघायची. बोलणं मोजकं. अंगाला हात लावलेला खपत नसे. आनंद झाला की दोन्ही पंजे हवेत फडफडवायची. "तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, सोमग्न हाय ती," ठकूबाई स्वमग्नचं सोमग्न करून सांगायची. "येडी न्हाय." गाव म्हणायचं, "बरं बरं, सोमग्न," आणि हसायचं.

भवानगिरी हसायचा नाही. त्याला राग यायचा. मठाचा थोरला चेला तो. एक तप जप केलेला, आवाज घंटेसारखा, आणि ताठाही तसाच. त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत दीपमाळ उभी राहिली नाही, तर दगड खडीच्या मशीनला आणि त्या जागी सिमेंटचा खांब. विजेच्या माळांसकट. देणगीदार तयार होता, पाटीवरचं नावसुद्धा ठरलं होतं.

"बसतात तर बसवू दे," महाराज म्हणाले. "शेंगा खा."

थर चढायला लागले. द्वारका ढिगाभोवती फिरायची, थांबायची, एका दगडावर पंजा ठेवायची. सायबू आणि त्याची माणसं तो उचलायची. मग ती दीपमाळेवर जागा दाखवायची. तासायला छिन्नी काढावी लागली नाही.

पण दुपारच्या आरतीला घंटा वाजली की ती कान दाबून पळायची, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत यायची नाही.

"बघितलंत?" भवानगिरी म्हणाला. "देवाची घंटा सोसत नाही तिला."

महाराज उठले. स्टूल घेतलं, भैरवनाथाच्या गाभाऱ्यापुढे लावलं, वर चढले. म्हातारा माणूस, पण कुणाचा हात मागितला नाही. घंटेतला टोल देणारा लोळा त्यांनी आकड्यावरून सोडवला आणि खाली उभ्या असलेल्या भवानगिरीच्या हातात दिला.

"महाराज … आजवर कधी घंटा चुकली नाही या देवळाची."

"हो ना. थकली असेल."

"देवाला कळायचं कसं, आरती झाली म्हणून?"

"तू सांग त्याला. आवाज मोठा आहे तुझा. पण हळू सांग."

त्यानंतर द्वारका सकाळी यायची ती उन्हं कलेपर्यंत. दीपमाळ माणसाच्या वर गेली, परांची बांधावी लागली. लांबच्या गावची माणसं बघायला यायला लागली आणि मुकाट बसून राहायची. मठात एवढी शांतता भवानगिरीच्या ध्यानातसुद्धा कधी नव्हती.

त्रिपुरी पौर्णिमा आली. वरचे थोडेच थर राहिले होते. सकाळीच द्वारका ढिगापाशी थांबली, फिरली, पुन्हा थांबली. ढिगात दगड होते. तिने एकावरही पंजा ठेवला नाही.

"टवक्याचा," ती म्हणाली.

"कुठला गं, बाय?" सायबूने विचारलं.

"टवक्याचा. टवक्याचा हितं." आणि दीपमाळेतली मोकळी जागा दाखवली.

कडेला टवका उडालेला दगड कुणालाच सापडेना. द्वारका खाली बसून मागेपुढे झुलायला लागली. त्या जागेत दुसरा दगड ठेवू देईना, आणि ती जागा भरल्याशिवाय वरचा थर चढेना.

"झालं," भवानगिरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "संपली हुशारी. आणि दगड काय उडून गेला? या सायबूलाच विचारा. चांगला सपाट होता, पाटा करून विकला असेल कुणाला तरी."

सायबूने हातोडा खाली ठेवला. त्याच्या चार पिढ्या दगडात गेल्या होत्या. बोलला असता तर हातोडा उचलून बोलला असता.

भवानगिरी आपल्या खोपीत गेला, आसनावर बसला आणि त्याने डोळे मिटले. माळ फिरायला लागली.

त्या आसनाखाली, घडी घातलेल्या घोंगडीखाली, टवक्याचा दगड होता.

उंबर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीच त्याने तो ढिगातून उचलून आणला होता. सपाट, गार, बैठकीला झकास. तेव्हा त्यात काही पाप नव्हतं. ढीगच होता तो. पुढे थर चढायला लागले तेव्हा द्यायला हवा होता. पण आज देऊ, उद्या देऊ म्हणताना राहिला. आणि आता दिला तर दीपमाळ उभी राहणार, नाही दिला तर वेडी ती वेडीच ठरणार. एवढं सोपं होतं सगळं. उन्हं उतरेपर्यंत नुसतं बसून राहायचं.

मिटलेल्या डोळ्यांचा माणूस ध्यानात आहे की लपलाय, हे बाहेरून कळत नाही.

बाहेर द्वारका उठली. पायऱ्या बघितल्या, धुण्याचा दगड बघितला, विहिरीचा काठ बघितला. एकेक बघत खोपीच्या दारात आली आणि थांबली. भवानगिरीच्या तोंडाकडे तिने बघितलंच नाही. घोंगडीच्या कडेला, बोटभर दगड उघडा होता, तिथे बघितलं.

"टवक्याचा," ती म्हणाली.

माळ फिरत राहिली.

माणसं जमली. ठकूबाई आली, सायबू आला. कुणीतरी हाक मारणार, तेवढ्यात महाराज आले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि खोपीबाहेर, नुसत्या मातीत, मांडी घालून बसले.

"होऊ दे," ते म्हणाले. "सावकाश होऊ दे तुझा जप. आम्ही बसलोय."

सगळं गाव मातीत बसलं. द्वारका तेवढी उभी.

… उन्हं भिंतीवरून उतरली. भवानगिरीच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत आला. मणी पुढे जाईना. त्याला वाटत होतं, कुणीतरी ओरडावं, शिवी द्यावी, हाताला धरून ओढावं. कुणी काहीच करेना. महाराज तर इतके निवांत बसले होते, की उद्यापर्यंतही बसले असते.

शेवटी तो उठला. घोंगडी बाजूला केली.

दगड जड होता. कुणी हात लावला नाही. सायबूने तर मुद्दाम नाही. पोटाशी धरून, वाकून, धापा टाकत भवानगिरीने तो एकट्याने दीपमाळेपर्यंत नेला. परांचीवर सायबूने घेतला, द्वारकेने दाखवला तसा फिरवला आणि सोडला.

बसला.

पुढचे थर हां हां म्हणता चढले. दिवेलागणीला शेवटचा दगड वर गेला, दीपमाळेच्या दगडी हातांवर पणत्या लागल्या, आणि मठाची दीपमाळ पायापासून शेंड्यापर्यंत पेटून उठली. तीच, तिच्याच दगडांची.

द्वारकेने दोन्ही पंजे हवेत फडफडवले. ती हसत होती, दीपमाळेभोवती पळत होती. माणसांच्या तोंडापर्यंत जयजयकार आला होता, पण तिच्या कानांची आठवण ठेवून सगळ्यांनी तो गिळला. मग कुणीतरी आपले पंजे वर करून तसेच फडफडवले. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळं अंगण, म्हाताऱ्या, पाटील, पोरंटोरं, हात वर करून मुक्याने फडफडत होतं. ठकूबाई रडत होती आणि तीही फडफडत होती.

भवानगिरी पुढे झाला. द्वारकेच्या पायाशी वाकला, तशी ती चटकन मागे सरली आणि पणत्यांच्या पलीकडे निघून गेली. तो तसाच मातीत बसून राहिला.

"महाराज," तिथूनच तो म्हणाला, "मी चुकलो. तुमचा, देवाचा, तिचा अपराधी आहे. पण एक विचारू?"

"विचार."

"मी एक तप तुमच्या पायाशी बसलो. मला काही दिसलं नाही. हिला ही सिद्धी तुम्ही कधी दिलीत?"

महाराजांनी एका पणतीची वात बोटाने पुढे सारली.

"तिला मी काहीच दिलं नाही रे. तुझ्याकडून दगड तेवढा घेतला."

देवाचा अपराधी, तिचा अपराधी, महाराजांचा अपराधी. सायबूचं नाव त्यात नव्हतं. पाटा करून विकला म्हणाला होता, त्याची माफी भवानगिरीने माझ्याकडे अजून मागितलेली नाही.