मुखपृष्ठावरचा वाघ

एका राज्यात दर पौर्णिमेला एक मासिक निघे. आत कथा असत, कवने असत, पण लोक पाहत ते मुखपृष्ठ. त्यावर कधी हत्ती आला, कधी मोर आला. वाघ मात्र सर्वांहून अधिक वेळा आला. वाघ असला की अंक हातोहात खपे आणि राजा मिशीला पीळ देई.

त्या राज्यातल्या काळदंत जादूगाराने एक घुबड पोटच्या पोरासारखे पाळले होते. तो म्हणाला, "महाराज, एकदा माझ्या घुबडाला मुखपृष्ठावर घ्या."

दरबार खो खो हसला.

"मग वाघच छापा!" काळदंत गरजला. "एक वाघ छापाल, की रानातला एक मरेल."

जाताजाता त्याने वाघ रंगवणाऱ्या पद्मरेखेची लेक केतकी हिला वाघीण करून रानात हाकलले. पोरीचा गुन्हा काय? रागाला गुन्हा लागतोच कुठे!

राजाने आज्ञा बदलली नाही. पद्मरेखेने नाही म्हणावे, तर तिचेच शिष्य कुंचला घेऊन बसलेले. रान ओस पडले. तीन वाघिणी उरल्या, तेव्हा घुबडालाच दया आली. ते पद्मरेखेच्या खिडकीत येऊन बोलले, "बाई, छापलेला वाघ ज्या दिवशी कुणालाच वाघ वाटणार नाही, त्या दिवशी शाप सुटेल."

"तिघींत माझी केतकी कोणती?"

"ते मलाही ठाऊक नाही."

पद्मरेखेने पहिला वाघ डाव्या हाताने काढला. लोक म्हणाले, "वाहवा!" रानात एक वाघीण कोसळली. दुसरा तिने डोळे बांधून काढला. लोकांनी तो घरोघरी भिंतीवर डकवला, आणि दुसरी वाघीण कोसळली. जन्मभर वाघ काढून ते हात चुकायचेच विसरले होते. गेली ती आपली की उरली ती आपली, हे आईला कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या पौर्णिमेआधी तिने लाखेची कढई चुलीवर चढवली. लाख उकळताच दोन्ही हात आत घातले. मग मनगटांत कुंचला धरून चित्र काढले.

राजा अंक भर दरबारातच उघडी. आधी पाहणे त्याला अशुभ वाटे. त्याने अंक उघडला. सारे निरखू लागले.

"महाराज," एक म्हातारी म्हणाली, "हा भोपळा का हो?"

राजा संतापून उठला, तोच रानाकडून केतकी दोन पायांवर चालत आली. तिने दरबारात उभ्या असलेल्या आईचे हात राजासमोर धरले. राजाची मान खाली गेली. त्या दिवसापासून वाघ छापणे बंद झाले. मेलेले वाघ काही परत आले नाहीत.

पद्मरेखेने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. हाताला काहीच कळेना. तेव्हा तिने लेकीच्या गालाला गाल लावला आणि मोठ्याने रडली.