गाढवाची रडायची वेळ

खूप जुन्या काळी, जेव्हा गाढवं माणसांइतकंच बोलायची आणि माणसं गाढवांइतकंच ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात एका कुंभाराकडे दोन गाढवं होती. सख्खे भाऊ. पाठीवरच्या जाळीत मडकी भरली की थोरला पुढे चालायचा आणि धाकटा मागे. खड्डा कुठे, निसरडं कुठे, ते थोरल्याला ठाऊक. धाकट्याला रस्ता पाठ नव्हताच. त्याला दादाची शेपटी पाठ होती.

एक दिवस थोरला पोट फुगून मेला.

धाकट्यापुढे नुसता रस्ता उरला. तो रिकामा रस्ता दिसला की हुंदका यायचा, हुंदका आला की पाय अडखळायचा, आणि पाय अडखळला की मडकं फुटायचं.

समजूत घालायला सगळं अंगण गोळा झालं.

"खात सूट," शेळी म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की रडू येत नाही."

धाकट्याने परसातला भोपळ्याचा अख्खा वेल फस्त केला. रडू आलंच, वर पोटही दुखलं.

"दिसेल त्याच्यावर ओरड," कुत्रा म्हणाला. धाकटा ओरडला. पहिली दिसली ती कुंभाराची सासू. मग काठी बसली.

"छाती काढ आणि गिळून टाक!" कोंबडा म्हणाला. "रडतोस काय!"

हे मात्र धाकट्याला पटलं. त्याने दात आवळले आणि रडणं आत दाबून धरलं.

त्याच आठवड्यात गावात लग्न होतं. मांडवातल्या उतरंडीसाठी रंगवलेली मडकी घेऊन धाकटा दारात उभा राहिला. इतक्यात नवरदेवाचा थोरला भाऊ पुढे आणि त्याचा हात धरून नवरदेव मागे, असे दोघे आत शिरले.

झालं! दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. असं ओरडणं गावाने कधी ऐकलं नव्हतं. नवरी दचकली आणि तिच्या हातचा हार भटजींच्या गळ्यात पडला. मडकं तर एकही उरलं नाही.

"आता एक जरी मडकं फुटलं," कुंभार म्हणाला, "तर येत्या बाजारात तुला चुनाभट्टीवाल्याच्या हवाली करीन!"

धाकटा थेट तळ्यावर गेला. तिथे एक म्हातारी म्हैस चिखलात बसून रवंथ करत होती.

"आजी, मी हा जीव देतो तळ्यात!"

"गुडघाभर पाणी आहे, बाळा. बस इथे." म्हैस चघळत राहिली. "चालता चालता रवंथ करणारी म्हैस कधी पाहिलीस?"

"नाही."

"आम्ही दिवसा वैरण पोटात ठेवतो आणि निवांत बसलो की परत काढून चघळतो. मग ती मऊ होते. तू चालताना चघळतोस, नाहीतर कोंबड्याचं ऐकून नुसता गिळतोस."

"पण आजी, आम्ही गाढवं रवंथ करत नाही."

"म्हणून तर शिकवतेय, गाढवा! रोज दिवेलागणीला त्या बाभळीखाली जा. दादाला आठव आणि पोटभर रड. मधेच हुंदका आला तर त्याला सांग, संध्याकाळी ये. नाकातून लांब श्वास सोड आणि पुढचं पाऊल कुठे पडतंय ते बघ."

त्या संध्याकाळी धाकटा बाभळीखाली गेला. दादाची शेपटी आठवली, थंडीत टेकायला मिळणारी त्याची कूस आठवली. ताकाच्या डेऱ्यात तोंड अडकल्यावर डेऱ्यासकट गावभर पळालेला दादा आठवला. धाकटा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी वाटेत हुंदका आला. "संध्याकाळी," धाकटा म्हणाला आणि फुर्रकन श्वास सोडला. हुंदका घुटमळला, पण थांबला. धाकट्याने खाली पाहिलं, तर समोर खड्डा! तो त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ओलांडला.

मडकी फुटायची थांबली. बाजाराचा दिवस आला आणि गेला. गावालाही या रडण्याची सवय झाली. गाढव रडलं की बाया तव्यावर भाकरी टाकत, गुरव देवळात दिवा लावी, पोरं खेळ मोडून घरी जात.

पुढे कुंभाराने एक म्हातारी, अधू डोळ्यांची गाढवीण आणली. ती धाकट्याच्या मागे चालू लागली.

"शेपटी नीट हलव रे! मला दुसरं काही दिसत नाही," ती दिवसभर कुरकुरायची.

"हलवतोय ना, मावशी! डावीकडे खड्डा आहे, जपून!"

एकदा तिला सांभाळून आणता आणता दिवेलागण टळली. गावात एकच गोंधळ. चुली थंड, देवळात अंधार, पोरं अजून चेंडूमागे. सगळे कुंभाराच्या दारात जमले.

"अहो, आज तुमचं गाढव रडलं कसं नाही?"

धाकट्याच्या काळजात चर्र झालं. दादाला विसरलो! तो बाभळीकडे धावत सुटला. डोळे मिटले, दादाला आठवलं, आणि नेमका दिसला तो डेरा घातलेला दादा, कुंभाराच्या सासूला धडकताना!

धाकट्याने तोंड उघडलं आणि तो हसत सुटला.

"रडलं एकदाचं!" गाव म्हणालं आणि भाकऱ्या टाकायला गेलं. गाढवाचं हसणं आणि रडणं माणसांना सारखंच. म्हशीने मात्र चघळणं थांबवून कान टवकारले.

"मऊ झालं," ती म्हणाली आणि पुन्हा चघळू लागली.

तात्पर्य: दुःखाला रोजची एक वेळ द्यावी, म्हणजे ते आपला सगळा दिवस मागत नाही.