पहिल्या ओंडक्याचा मान

ट्रॅक्टरवर चालणारी जुनी पट्टा-करवत आम्ही विकत घेतली आणि माझी झोप उडाली. पातं एकच होतं. ते पहिल्याच दिवशी तुटलं, तर गावातलं एकही लाकूड पुन्हा आमच्या दारी येणार नव्हतं. नवरा म्हणाला, "तू काळजीतच एमए केलंयस."

मुहूर्ताला आजवर गावात एकट्यानंच लाकूड कापून देणारे वखारवाले, रंगराव आबा, स्वतः ओंडका घेऊन हजर! "सूनबाई, हा फाडून दाखवा. म्हातारीला दात आहेत का, कळू दे सगळ्यांना."

लोक हसले. मला मात्र ओंडक्याची साल एका जागी ताज्या शेणानं बुजवलेली दिसली. आत खिळे असले, तर पातं तुटणारच. पण चारचौघांत आबांवर आळ कसा घ्यायचा? मी वाकून नमस्कार केला.

"आबा, पहिल्या ओंडक्याचा मान तुमचा. पात्यासमोर उभं राहून तुम्हीच आत सरकवा."

नवऱ्यानं ट्रॅक्टर सुरू केला. पातं सणसणत फिरू लागलं, तसे आबा मागे सरले.

"नको, नको! खिळेबिळे असायचे यात."

माझी चार वर्षांची रेवा टाळ्या पिटत ओरडली, "आबा, तुम्हाला लाकडाच्या आतलं दिसतं?"